दरोड्याचा सिनेमा लिहिताना बेत किती सांगावा?

तुमच्या पटकथेत साखर कारखान्याच्या एका गावातली पतसंस्था आहे. यात्रेच्या रात्री पाच जण तिची स्ट्राँगरूम फोडून सोनेतारणाचे दागिने नेतात. आदल्या रात्री लॉजच्या खोलीत नकाशा पसरून म्होरक्या सगळ्यांना बेत समजावतो, तो प्रसंग चौदा पानांचा झालाय. ज्यांनी वाचलं ते सगळे नेमके तिथेच कंटाळले. तुम्ही तो काढून पाहिलात, तर पुढची दरोड्याची वीस पानं कोणाला कळेनात. म्हणून तुम्ही विचारताय, की बेत प्रेक्षकाला आधी सांगायचा की लपवायचा, आणि असा सिनेमा मुळात कोण घडवतं: लेखक, दिग्दर्शक की संकलक?

मी सत्तावीस वर्षं संकलन करते आहे. त्यात प्रेमकथा आल्या, कौटुंबिक चित्रपट आले, मालिकांचे शेकडो भाग आले. पण प्रेक्षकाला कोणती गोष्ट कधी कळली पाहिजे, याचा धडा मला दरोड्याच्या प्रसंगांनी जितका दिला तितका बाकी कशानंच दिला नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी थेट सांगते. बेत सांगू नका, अडचण सांगा. आणि ती इतकी नीट सांगा की प्रेक्षक मनातल्या मनात स्वतःच बेत आखायला लागेल.

अडचण म्हणजे काय? खोली कुठे आहे, भिंत कशाची आहे, घंटा कशानं वाजते, वॉचमन डबा कधी खातो, कोणती किल्ली कोणाच्या कमरेला असते. बेत म्हणजे काय? आधी गण्या मागच्या बाजूनं चढेल, मग तू वायर काढशील, मग मी आत येईन. तुमच्या चौदा पानांत या दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात. माझा अंदाज असा, की त्यातली अकरा पानं बेताची आहेत आणि अडचण तीनच पानांत उरकली आहे. वाचणाऱ्याला कंटाळा त्या अकरा पानांचा येतो. प्रसंग काढल्यावर पुढचं कळेनासं होतं ते मात्र ती तीन पानं गेल्यामुळे.

पटकथा लिहिणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे: बेत आधी ऐकवलात तर तो फसला पाहिजे, लपवलात तर पार पडला तरी चालतो. तो बरोबरच आहे. तोंडानं सांगितलेलं तसंच्या तसं पुन्हा घडताना पाहण्यात कोणाला रस असणार? पण या ठोकताळ्यात अडचणीचा हिशोब नाही, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय.

हे मी ज्या चित्रपटाकडून शिकले तो १९५५ सालचा फ्रेंच ‘रिफीफी’. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन. नावावरून फ्रेंच वाटला तरी माणूस अमेरिकन. कम्युनिस्टांच्या चौकशीचा तो काळ होता. १९५१ मध्ये याच धंद्यातल्या माणसांनी चौकशी समितीपुढे त्याचं नाव घेतलं आणि हॉलिवूडची दारं त्याला बंद झाली. युरोपात काही वर्षं हाताला काम नव्हतं. मग हा कमी पैशांतला चित्रपट आला. ऑग्युस्त ल ब्रेतों यांच्या ज्या कादंबरीवर तो बेतलाय, तिच्यात दागिन्यांच्या दुकानातली चोरी थोडक्या पानांत आटोपते. डॅसिननं तिचा जवळजवळ अर्धा तास केला, आणि त्या अर्ध्या तासात एकही संवाद नाही, पार्श्वसंगीतही नाही.

अर्धा तास कोणी बोलत नाही आणि तरी प्रत्येक हालचाल कळते, हे कसं जमलं? आधीच्या एका प्रसंगामुळे. दुकानात जी धोक्याची घंटा आहे, तशीच एक घंटा टोळी मिळवते आणि तिच्यावर प्रयोग करत बसते. ती नुसत्या हादऱ्यानं वाजते. हे करून पाहतात, वाजते. ते करून पाहतात, वाजते. शेवटी आग विझवायच्या नळकांड्यातला फेस तिच्यात भरतात आणि ती मुकी होते. आपल्याला कळलेलं एवढंच: हादरा बसला की घंटा वाजणार, आणि फेस भरला की गप्प होणार. दुकानात कुठून शिरणार, किती वेळ लागणार, यातलं फारसं काही आपल्या हाती नाही. पण आता पडद्यावर कोणी हातोडीला कापड गुंडाळलं, कोणी मऊ तळव्यांचे बूट चढवले, की आपण श्वास रोखतो. कारण अडचण आपल्या अंगात भिनलेली असते.

त्यातली छत्री तर मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवते. चोर दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहेत. जमिनीला, म्हणजे दुकानाच्या छताला, ते हळूहळू छिद्र पाडतात. खाली चुन्याचा, विटेचा तुकडा जरी पडला तरी खेळ खलास. छिद्र मुठीएवढं होतं. मग एक जण मिटलेली छत्री त्यातून खाली सोडतो आणि खालच्या खाली उघडतो. आता छिद्र मोठं करत जायचं, आणि पडणारा सगळा मलबा त्या उलट्या छत्रीत गोळा होणार. या छत्रीबद्दल आधी कोणी अवाक्षर काढलेलं नाही. ती उघडते त्या क्षणी प्रेक्षकाला कळतं, आणि ‘कसं सुचलं याला!’ असं त्याच्या तोंडून आपोआप निघतं. लॉजच्या खोलीत म्होरक्या म्हणाला असता, ‘मग आपण छत्री सोडायची,’ तर हा आनंद तिथेच मेला असता. अडचण आधी, तोड ऐनवेळी. मी जे सांगते आहे ते सगळं या छत्रीत आहे.

संगीताची गोष्टही ऐका. संगीतकार जॉर्ज ऑरिकनं या अर्ध्या तासासाठी मोठं संगीत रचलं होतं. डॅसिननं त्याला तो भाग एकदा संगीतासह आणि एकदा संगीताशिवाय दाखवला. ऑरिकनं स्वतःच आपलं संगीत काढायला सांगितलं. स्वतःचं काम असं काढून टाकायला किती मोठं मन लागतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

तुम्हाला वाटेल, हा परदेशी थाट आपल्या मातीत कसा रुजेल? तर आपल्या रंगभूमीवर याहून कितीतरी जुना चोर आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी माणसाला तो घरचा वाटतो. मूळ नाटकाच्या तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, तेव्हा शूद्रक काय करतो पाहा. शर्विलक आधी जागा शोधतो. रोज सूर्याला अर्घ्य देऊन देऊन भिंतीचा एक भाग पाण्यानं खराब झालाय, तिथेच उंदरांनी बीळही केलंय. मग भिंत पाहतो. भाजलेल्या विटांची आहे, म्हणजे विटा उपसून काढायच्या. मग भोकाचा आकार ठरवतो: कमळ, सूर्य, चंद्रकोर, पूर्णकुंभ... या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल! मापायची दोरी घरी राहिली, म्हणून जानवं काढून त्यानंच माप घेतो आणि ब्राह्मणाला जानव्याचे किती उपयोग असतात ते आपल्याला सांगतो. आधी माणसाच्या आकाराची बाहुली आत सरकवतो, कोणी टपून बसलेलं नाही ना याची खात्री करायला. दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो.

इथे बेत कुठे आहे? नाहीच. एकामागून एक अडचण येते आणि कसबी माणूस ती सोडवत जातो. जानवं आणि छत्री ही एकाच घरातली भावंडं आहेत. दोन्ही रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू, ऐनवेळी हत्यार झालेल्या. तुमच्या पाच जणांच्या हातात अशी एक तरी वस्तू द्या. यात्रेच्या गावात काय कमी आहे? पाळण्याची साखळी, तमाशाच्या कनातीचे बांबू, ढोल, गुलाल. मी असते तर वेळेसाठी ढोल घेतला असता. पालखी चौकातून वळते तेव्हा ढोलांचा आवाज ठरावीक काळ शिगेला जातो, आणि भिंतीवर घाव घालायला तेवढाच वेळ. हे सांगावं लागत नाही. पहिल्या दहा मिनिटांत पालखीची तालीम दाखवा, पतसंस्थेच्या काचा ढोलानं थरथरताना दाखवा. प्रेक्षकाचं गणित सुटतं.

आता माझ्या टेबलावरचा एक अनुभव. चित्रपटाचं नाव घेत नाही. त्यात सराफाच्या पेढीवर रात्री चोरी होते. शटर वीतभरच वर उचललेलं आहे आणि एक जण ते खांद्यावर पेलून ओणवा बसून आहे. सुंदर चित्रित केलं होतं. घाम, थरथरणारा दंड, सगळं. रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा जोड, आम्ही वीसेक बाहेरच्या लोकांना दाखवला. जवळजवळ प्रत्येकानं विचारलं, ‘तो शटर पूर्ण वर का करत नाही?’ उत्तर बेताच्या प्रसंगात होतं. सहा मिनिटांचा प्रसंग, आणि त्यात एक ओळ: शटर अमुक उंचीच्या वर गेलं की सायरन वाजतो. ती ओळ कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. कशी राहणार? तिच्या मागे-पुढे अशा आणखी तीस ओळी होत्या.

दोन दिवस मी रशेस, म्हणजे चित्रीकरणाचा सगळा न कापलेला माल, पुन्हा पालथे घातले. एका सकाळच्या शूटिंगमध्ये वातावरणासाठी घेतलेला शॉट सापडला: पेढीतला पोऱ्या शटर वर ढकलतो आणि आत पळतो. बस. आम्ही त्याला सायरनचा आवाज जोडला. पोऱ्या शटर उचलतो, सायरन किंचाळतो, तो आत धावत जाऊन किल्ली फिरवतो, आवाज बंद. शेजारच्या दुकानातून एक जण ओरडतो, ‘रोज सकाळी कान फोडतोस रे!’ ही ओळ डबिंगमध्ये टाकली. एकूण बावीस सेकंद. चित्रपटाच्या नवव्या मिनिटाला तो तुकडा बसवला आणि बेताचा सहा मिनिटांचा प्रसंग दीड मिनिटावर आणला. पुढच्या खेळाला त्या शटरच्या शॉटला थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कानाला बोचलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

म्हणून माझं सांगणं, की तुमच्या पटकथेतली प्रत्येक अडचण बोलण्यातून काढून घडण्यात आणा. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात, हे म्होरक्यानं सांगायची गरज नाही. मॅनेजर रजेवर असल्यामुळे एका म्हातारीला तिची बोरमाळ सोडवायला दुसऱ्या दिवशी यावं लागतं, एवढं दाखवलंत की पुरे. त्या एका प्रसंगातून किल्ल्या कळल्या, माणसं कळली, गावही कळलं.

लपवण्याबद्दल थोडं. लपवणं आणि फसवणं यांत फरक आहे आणि प्रेक्षक तो अचूक ओळखतो. २००१ च्या ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये स्टीव्हन सोडरबर्गनं तो फार प्रामाणिकपणे पाळलाय. (पुढे रहस्य फुटतंय, पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) टोळी कॅसिनोच्या तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती उभारते. आपण समजतो, सरावासाठी. दरोड्याच्या वेळी कॅसिनोचा मालक पडद्यावर आपली तिजोरी लुटली जाताना पाहतो आणि आपणही त्याच्याबरोबर पाहतो. नंतर त्याच्या लक्षात येतं, की चित्रणात दिसणाऱ्या जमिनीवर कॅसिनोचं नाव नाही, खऱ्या तिजोरीत ते आहे. म्हणजे त्यानं पाहिलं ते चित्रण प्रतिकृतीत आधीच करून ठेवलेलं होतं. आपल्यापासून काय लपवलं? वस्तू लपवली नाही, ती समोर होती. तिचा दुसरा उपयोग लपवला. हे चालतं. शेवटी एखादा नवाच माणूस उगवून सगळं सोडवतो, हे चालत नाही. अशा जागी लोक शिव्या देतात आणि त्यांचं बरोबर असतं. आमच्याकडे दिग्दर्शक कधी कधी म्हणतात, ‘फ्लॅशबॅक टाकून समजावू.’ मी विचारते, फ्लॅशबॅकमध्ये जे दाखवणार त्याचा एक कोपरा तरी आधी दिसलाय का? नसेल तर तो मला जोडता येत नाही.

काळाच्या उड्यांचंही तुम्ही विचारलंय. तेच क्षण वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा दाखवायचे असतील तर स्टॅन्ली क्युब्रिकचा १९५६ चा ‘द किलिंग’ शॉट बाय शॉट पाहा. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचा दरोडा आहे. गोष्ट सतत मागे जाते, पण लाऊडस्पीकरवरच्या निवेदकाचे तेच शब्द पुन्हा कानावर येतात आणि आपण कुठल्या क्षणाला आलोय ते कळतं. आवाज हेच घड्याळ. तुमच्याकडे यात्रेचा लाऊडस्पीकर आहेच. ‘हरवलेल्या मुलाच्या पालकांनी मंडपाजवळ यावे’ ही एक घोषणा तीन वेगळ्या जागांवरून ऐकवलीत, की तीन वेगळ्या माणसांचा एकच क्षण तुमच्या मुठीत आला. ‘रात्री ११:४०’ अशा पाट्या पडद्यावर टाकू नका.

दरोडा नेमका कुठे ठेवायचा, इंटरवलच्या आधी की नंतर? माझं मत, आधी. जॉन ह्यूस्टनच्या १९५० च्या ‘द अस्फाल्ट जंगल’पासून या प्रकारच्या चित्रपटांची घडी बसली. त्यात प्रत्यक्ष चोरी दहा-बारा मिनिटांची आहे, आणि तिच्यानंतर चित्रपटाचा मोठा भाग शिल्लक आहे. त्या भागात माणसं फुटतात. सगळा बेत आखणारा म्हातारा डॉक शहराबाहेर निसटलेला असतो, पण वाटेतल्या एका हॉटेलात ज्यूकबॉक्सवर नाचणाऱ्या मुलीला बघत काही मिनिटं रेंगाळतो आणि तेवढ्यात पोलीस येतात. आयुष्यभर सेकंदांचा हिशोब ठेवणारा माणूस काही मिनिटांनी हरतो. ‘रिफीफी’तही घात करते ती एक अंगठी. तिजोरी फोडणारा सेझार ती टोळीच्या नकळत एका गायिकेला देतो आणि तिथून सगळं उलगडत जातं. ही भूमिका डॅसिननं स्वतः, दुसऱ्या नावानं केली आहे. सेझार दबावाखाली साथीदाराचं नाव सांगतो आणि त्याची शिक्षा भोगतो. ज्या दिग्दर्शकाचं नाव धंद्यातल्याच माणसांनी घेतलं होतं, त्यानं नाव सांगणाऱ्याची भूमिका स्वतःकडे घेतली. तो प्रसंग मी आजवर कितीदा पाहिला असेन, अजून सहज पाहवत नाही.

त्या काळात चोर नेहमी पकडले जात किंवा मरत, याला कलेबाहेरचंही कारण होतं. हॉलिवूडनं १९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९३४ पासून कडकपणे लागू झालेली आचारसंहिता सांगायची, की गुन्ह्याला सहानुभूती नको आणि चोरी, दरोडा, तिजोरीफोड यांची पद्धत तपशिलात नको. १९६८ मध्ये ती जाऊन वयानुसार प्रमाणपत्रं आली, आणि चोर पैसे घेऊन सुखरूप जायला लागले. आपल्याकडेही सेन्सॉरच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्हेगारांची कार्यपद्धती दाखवू नये असं आहेच. म्हणून खऱ्या कुलपाचा खरा तपशील लिहू नका. त्याची गरजही नसते. प्रेक्षकाला कुलूप उघडायला शिकायचं नसतं, उघडणाऱ्याचे हात बघायचे असतात.

आता दुसरा प्रश्न, हा सिनेमा घडवतं कोण. श्रेयनामावलीत खाली जाणाऱ्या माणसांबद्दल मला आधी बोलायचंय. पहिला कला दिग्दर्शक. ‘रिफीफी’चे सेट अलेक्झांडर ट्राउनरचे होते. दरोड्याच्या चित्रपटात कला दिग्दर्शक हा सहलेखक असतो, कारण अडचण तो बांधतो. खिडकी कुठे, पायऱ्या किती, कोपऱ्यामागचं दिसतं की नाही, हे त्याच्या हातात. पटकथेचा दुसरा खर्डा लिहिण्याआधी त्याच्याबरोबर बसा आणि पतसंस्थेचा नकाशा काढून घ्या. त्या नकाशामुळे तुमची पानं कमी होतील.

दुसरा ध्वनीवाला. आपल्याकडे तिजोरीचं दार बहुधा प्लायचं असतं. एका हातानं उघडतं. ते दोन माणसांना ओढवत नाही असं प्रेक्षकाला वाटतं, ते फॉली करणाऱ्या, म्हणजे चित्र बघत वस्तूंचे आवाज काढणाऱ्या माणसामुळे. एकदा आमच्या फॉली आर्टिस्टनं एका जुन्या लोखंडी फाटकाची बिजागरी आणली होती. ती दगडी फरशीवर घासत त्यानं असा आवाज काढला, की टाइमलाइनवर ते प्लायचं दार टनभर वजनाचं झालं. मी त्या शॉटची लांबी वाढवली. आवाजानं मला ती वाढवायला लावली.

तिसरा, ज्याला ते काम खरंच येतं असा सल्लागार. मायकेल मानच्या १९८१ च्या ‘थीफ’मध्ये जॉन सँटुची हा पूर्वाश्रमीचा खरा चोर सल्लागार होता, आणि गंमत म्हणजे त्याला भूमिका पोलिसाची दिली होती. अवजारं खरी वापरली. नायक जेम्स कान ज्या सवयीनं ते जड ड्रिल हाताळतो, ती सवय अभिनयातून येत नाही. तुम्ही चोर शोधा असं मी म्हणत नाही. तिजोऱ्या दुरुस्त करणारा कारागीर शोधा, पतसंस्थेत तीस वर्षं काढलेला शिपाई शोधा. शिपायाला सगळं माहीत असतं.

संकलक यात कुठे? आम्ही प्रेक्षकाच्या वतीनं टेबलावर बसतो. लेखकाला शेवट माहीत असतो, दिग्दर्शकाला प्रत्येक शॉटमागचा हेतू माहीत असतो. ‘मला हे अजून कळलेलं नाही’ असं म्हणणारं कोणीतरी लागतं. पण टेबलावर पोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तो पोऱ्याचा शॉट मला नशिबानं सापडला होता.

मुंबईतल्या एका खऱ्या घटनेबद्दल सांगायलाच हवं, कारण तिच्यात तिजोरी, दोर, ड्रिल यातलं काहीच नव्हतं. मार्च १९८७. एका माणसानं वर्तमानपत्रात गुप्तचर आणि सुरक्षा अधिकाऱ्यांच्या नोकरीची जाहिरात दिली, ताजमध्ये मुलाखती घेतल्या आणि निवडलेल्या मुलांना बसमधून ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या दुकानात नेलं. सीबीआयचा छापा असल्याची बतावणी झाली. नमुने म्हणून दागिने गोळा झाले, मुलं शिस्तीत पहारा देत उभी राहिली आणि साहेब दागिने घेऊन निघून गेले ते कायमचे. २०१३ चा नीरज पांडे यांचा ‘स्पेशल २६’ यावरच बेतलाय. इथे अडचण भिंत नाही. सरकारी शिक्का पाहून मान खाली घालायची माणसांची सवय, हेच ते कुलूप आणि हीच किल्ली. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो त्या मुलांचा विचार करून. नोकरी लागली म्हणून घरी पेढे वाटले असतील. चित्रपटात त्यांना आणखी जागा मिळायला हवी होती असं मला अजूनही वाटतं.

विनोदी दरोड्याकडे वळायचं मनात असेल तर मारिओ मोनिचेल्ली यांचा १९५८ चा इटालियन ‘इ सोलिती इन्योती’ पाहा. गरीब, नवशिके चोर मोठ्या कष्टानं भिंत फोडतात, ती निघते चुकीची. पलीकडे स्वयंपाकघर. मग तिथलं पास्ता आणि चण्याचं कालवण खाऊन घरी जातात. त्यांना हसताना पोटात कालवतं, कारण ते खरंच भुकेले असतात.

शेवटी तुम्ही न विचारलेला, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तुमचा माल. सोनेतारणाचे दागिने. दरोड्याच्या चित्रपटांत बहुतेक वेळा लुटला जातो तो कॅसिनो, बँक, विमा उतरवलेला जवाहिऱ्या. प्रेक्षक चोरांच्या बाजूनं सहज जातो, कारण कोणाच्या ताटातलं गेलं असं त्याला वाटत नाही. सोनेतारणात मात्र लागवडीसाठी, बाळंतपणासाठी, पोराच्या फीसाठी गहाण ठेवलेल्या बोरमाळा आणि पोहेहार असतात. पिशवीवर नाव लिहिलेलं असतं. हे तुम्ही ओझरतं घेतलंय. वीस पानांत एकाही चोराला कुठल्याही पिशवीवरचं नाव वाचावंसं वाटत नाही.

पुन्हा शर्विलकाकडे चला. त्यानं नेलेले दागिने चारुदत्ताचे नव्हतेच. गणिका वसंतसेनेनं चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवलेले होते. चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बरळत, चारुदत्त समजून, चोराच्याच हातात पेटी देतो. शर्विलकाला ते हवे असतात आपल्या प्रेयसीला, मदनिकेला, दासीपणातून सोडवायला, आणि मदनिका दासी असते वसंतसेनेचीच. दागिने पाहताक्षणी ती ओळखते. इकडे ठेव गेली म्हणून चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. चोरी एकाची आणि भरपाई भलत्याच बाईच्या गळ्यातून. शूद्रकानं दागिने ठेवीचे केले म्हणूनच तिसऱ्या अंकातली ती कसबी घरफोडी पुढे माणसांची गोष्ट झाली.

तुमच्याकडे हे सगळं आयतं आहे. माल बदलू नका. पाचांपैकी एकाच्या आईची किंवा बहिणीची पिशवी त्या स्ट्राँगरूममध्ये असू द्या, आणि हे त्यानं इतरांना सांगितलेलं नसू द्या. प्रेक्षकाला मात्र पहिल्या दहा पानांत सांगा: खिडकीशी ती बाई उभी आहे, कारकून तिची बोरमाळ काट्यावर ठेवतो, वजन लिहितो, पिशवी शिवून लाखेची मोहोर लावतो आणि पावती सरकवतो. ती पावती चार घड्या घालून कनवटीला लावते. मग लॉजच्या खोलीतली चौदा पानं दोनावर आणा. दरोड्याच्या रात्री, ढोल टिपेला असताना, पिशव्या भराभर गोणीत पडत असताना, एका पिशवीवर त्याचा हात थबकतो. तिथे एकही संवाद लिहू नका.